रोज जवळ बाळगायचा छोटा चाकू: सोलापूर आणि इंग्लंड, दोन्हीकडे चालेल असा

सप्रेम नमस्कार मंडळी,

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी मी सोलापूरला जाणार असून पुढे मार्चपर्यंत मुक्काम सासरीच असेल. फळे कापणे, पार्सलची सुतळी सोडवणे अशा किरकोळ कामांसाठी पर्समध्ये मावेल असा एक घडीचा चाकू घ्यायचा आहे आणि तो लेस्टरला परतल्यावरही वापरता यावा, अशी इच्छा आहे. इथल्या दुकानात पात्याला लॉक असलेला चाकू अधिक सुरक्षित म्हणून दाखवला. काका, तुम्ही इथल्या टूलरूममध्ये नोकरी केलीत आणि आता सोलापुरात आहात, म्हणून विचारते: लॉकचा घ्यावा का?

— लेस्टरहून

नमस्कार ताई,

लॉकचा घेऊ नका. इंग्लंडमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ प्रमाणे कारण न देता सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवता येतो तो फक्त घडीचा आणि ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंमीपेक्षा, जास्त धार नसलेला चाकू. उघडलेले पाते मिटवण्यासाठी बटण दाबावे लागत असेल किंवा कडी फिरवावी लागत असेल, तर तो चाकू या सवलतीत बसत नाही, असे तिथल्या न्यायालयांनी १९९० च्या दशकातच स्पष्ट केले आहे. मग पाते दोन इंचांचे असले तरी तो जवळ का ठेवला याचे सबळ कारण द्यावे लागते, आणि ‘कधी लागला तर असावा’ हे सबळ कारण ठरत नाही. शिक्षा ४ वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. दुकानात उघड विकायला ठेवला आहे म्हणजे तो घेऊन रस्त्यावर फिरता येते, अशी समजूत आपल्या मंडळींमध्ये फार आढळते, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची हत्यारे वगळली आहेत. त्यामुळे फळे कापण्याच्या चाकूची तशी काळजी नाही. मात्र सणासुदीला आणि यात्रेच्या सुमारास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. गड्ड्यावर जाताना चाकू घरीच ठेवा. त्या गर्दीत त्याचे काही कामही नसते.

आता सुरक्षिततेबद्दल. बिनलॉकच्या बहुतेक चाकूंत मुठीतली स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते आणि तेवढ्यावरच पाते उघडे राहते. धारेच्या बाजूने जोर दिला तर पाते आणखी उघडण्याकडेच ढकलले जाते, म्हणून साध्या कापण्यात ते मिटत नाही. धोका टोक खुपसताना आणि पाते कशात तरी अडकल्यावर कण्याच्या बाजूने रेटताना असतो. ही दोन कामे या चाकूने करायचीच नाहीत, एवढा नियम पाळला की बोटे शाबूत राहतात.

लांबीचे म्हणाल तर ५ ते ६ सेंमी पाते पुरते. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाचेच पाहा. देठाच्या विरुद्ध बाजूच्या मुकुटाभोवती उथळ गोल काप घेऊन ती टोपी उचलली की आतले पांढरे पडदे दिसतात. त्या पडद्यांच्या रेषेत वरून खाली सालीच्या जाडीइतकीच धार ओढायची आणि मग फळ हातांनी उकलायचे. एकही दाणा फुटत नाही. हे काम टोकाच्या सेंटिमीटरभर धारेचे आहे. लांब पाते इथे आत शिरते आणि रसाने हात माखतात.

दोन नावे सुचवतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या ८४ मिमीच्या (ही मिटलेल्या चाकूची लांबी, पात्याची नव्हे) चाकूंपैकी बिनलॉकचा कोणताही घ्या. पोलाद गंजरोधक आहे आणि फार कठीण नसल्यामुळे घरी सहज धार लागते. त्यांचा ५८ मिमीचा चाकू पर्सला सोयीचा खरा, पण पेरूसाठी तोकडा पडतो. दुसरा ओपिनेलचा ५ नंबर: पाते ६ सेंमी, मूठ लाकडी. ओपिनेलच्या ६ नंबरपासून पुढे फिरती लॉकची कडी येते, म्हणून ५ च्या पुढे जाऊ नका. त्यांच्याकडे कार्बन पोलादाची पातीही मिळतात आणि त्यांना धार सुरेख लागते, परंतु सोलापूरच्या कोरड्या हवेत ती गंजली नाहीत तरी लिंबू, चिंच, कैरी यांनी काळी पडतात आणि फळाला लोखंडी चव येते. तुमच्या कामाला व्हिक्टोरिनॉक्सच बरा, असे माझे मत आहे.

विमानात तो चेक-इनच्या बॅगेतच टाका.

— काका, सोलापूर

नमस्कार काका, नमस्कार ताई,

काकांच्या लिहिण्याला धारेपुरती जोड देते. सायकलवर चाक लावून येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता जरूर द्यावा, पण हे नाजूक पाते देऊ नये. कोरड्या चाकावर बारीक धार क्षणात तापून तिचे पाणी उतरते आणि वर्षभराचे पोलाद एका बैठकीत झिजते. बारीक दाण्याचा सहाणेसारखा दगड ओला करून त्यावर पाते साधारण २० अंशांत धरावे आणि दोन्ही बाजूंनी सारखे, हलक्या हाताने ओढावे. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कड जाणवली की बाजू बदलावी. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पुसल्यासारखे उलटे ओढले की ती कड जाते.

आणि डाळिंबाचा रस बिजागरीत वाळू देऊ नका. चाकू उघडा ठेवूनच कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून पाते पुसून घ्या. शेंगदाण्याचे तेल हाताशी असते म्हणून घालू नका. ते हळूहळू चिकट होते आणि पाते उघडताना नख मोडते.

— लेस्टरहून, माहेर सोलापूर