मदत हवी आहे: माध्यमिकच्या मुलांना इंग्रजीतले काळ कसे पक्के करून द्यावेत?

माध्यमिकच्या काही मुलांची इंग्रजी व्याकरणाची उजळणी घेतेय आणि एका ठिकाणी पुरती अडकलेय. नियम विचारला की धडाधड म्हणून दाखवतात, वाक्य लिहायला घेतलं की तीच चूक. परवा एकीच्या वहीत होतं, ‘आय हॅव फिनिश्ड द होमवर्क यस्टरडे’. तिचं म्हणणं, मराठीत ‘मी काल अभ्यास पूर्ण केला आहे’ चालतं, मग इथे का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे! ‘यस्टरडे’सारखी संपलेली वेळ आली की साधा भूतकाळ, नुसतं ‘आय फिनिश्ड’, असं समजावलं. तिला पटलंही. काल पुन्हा ‘हॅव’ आलंच.

आर्टिकल, म्हणजे नामाआधीचं ‘अ’ की ‘अ‍ॅन’, त्यामानाने लवकर जमलं. स्पेलिंग बघू नका, उच्चार ऐका म्हटलं: ‘अ‍ॅन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. मोठ्याने म्हणून घेतलं की कानच चूक पकडतो.

काळांसाठी अशी एखादी युक्ती कोणी वापरली आहे का? कालरेषा काढून पाहिली, पण ती मोजक्याच मुलांना कळली. आणि रिपोर्टेड स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं) काळ पक्के झाल्यावरच घ्यावं, की सोबतच? सरावाची वाक्यं तयार असतील तर कृपया टाका, मुलं खरंच मनापासून करतात.