भाडोत्रींच्या याद्या कशाला, म्हणे

सातारकर :
गेल्या आठवड्यात इथे एकाने ठणकावून लिहिलं, "पहिल्या महायुद्धात गेलेले लोक इंग्रजांचे भाडोत्री. महिना ११ रुपयांसाठी परमुलखात जाऊन माणसं मारली. शंभर वर्षांनी त्यांची नावं हुडकणारे रिकामटेकडे." त्या रिकामटेकड्यांपैकी मी एक. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

पंजाबचे रिकामटेकडे बघा. लाहोरच्या संग्रहालयात ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदवह्या धूळ खात पडल्या होत्या, १९१९ मध्ये तयार केलेल्या. इंग्लंडमधल्या पंजाबी मंडळींनी ग्रीनिच विद्यापीठाला हाताशी धरलं आणि २०२१ मध्ये जालंधर, लुधियाना, सियालकोट हे तीन जिल्हे सगळ्यांना खुले करून दिले. पणजोबाचं गाव टाका, नाव शोधा.

आणि आपण? इराकातल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूने १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली, मग शरणागती, मग वाळवंटातून पायपीट आणि तुर्कांच्या रेल्वेवर बिगारी. तिथल्याच बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. गावागावांतल्या संगमरवरी पाट्यांवरही तेच : या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. ते कोण, एवढंच आम्ही शोधतोय. यात कुणाच्या पोटात का दुखावं?

परखड :
तो मीच. आणि एक शब्द मागे घेत नाही. इंग्रज बसऱ्याला उतरले ते शेजारच्या इराणातलं अबादानचं तेल राखायला. त्यात आपला काय संबंध? याद्या करा हो, कोण अडवतंय? पण त्याच पाटीला १५ ऑगस्टला हार घालून "देशासाठी" म्हणता, तिथे माझं डोकं फिरतं. ज्या सरकारने टिळकांना मंडालेला टाकलं, त्याचंच मीठ खाल्लं या लोकांनी.

भिडे वाडा :
टिळकांचं नाव काढलंत म्हणून. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी भरतीला सरसकट विरोध केला नव्हता, हिंदी माणसाला अधिकाऱ्याच्या बरोबरीच्या जागा द्या म्हणून अडून बसले. १९१८ मध्ये गांधीजी तर खेडा जिल्ह्यात शिपाई मिळवायला गावोगाव हिंडत होते. आता त्यांनाही भाडोत्र्यांचे दलाल म्हणा. आणि आपले आजोबा कोणत्या सरकारच्या नोकरीत होते, ते सांगता का जरा?

परखड :
आजोबा पोस्टात होते. पत्रं वाटायचे, गोळ्या घालायचे नाहीत. घरच्यांवर येऊ नका.

कोकणची सून :
तुमचं तेल आणि टिळक चालू द्या. आमच्याकडची गोष्ट सांगते. सासऱ्यांचे चुलत आजोबा मेसोपोटेमियाला, म्हणजे आताच्या इराकात, गेले ते गेलेच. घरात दोन पदकं आली. एक चांदीचं, ते आजेसासूबाईंनी दुष्काळात मोडलं. दुसरं पितळी-सोनेरी, ते सोनाराने घेतलंच नाही म्हणून उरलं. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आम्ही इतकी वर्षं वरची पंखवाली बाई बघत होतो, कड कुणी बघितली नाही. सातारकरांच्या गटातल्या एका मुलाने भिंगातून वाचली आणि बापाचं नाव, गाव, तालुका असलेली नोंद काढून दिली. गावाचं स्पेलिंग असं की आम्हालाही ओळखू येईना. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. भाडोत्री असेल, पण आमचा होता.

महाडकर :
वाचून बरं वाटलं ताई. पण सातारकर, तुमच्या याद्यांत मराठेच मराठे. बाकीचे काय आकाशातून बघत होते? १८९० च्या दशकात इंग्रजांनी "लढवय्ये नाहीत" म्हणून महारांची भरती बंद केली. महारांचे पुढारी शिवराम जानबा कांबळ्यांनी ती पुन्हा सुरू करा म्हणून १९१० मध्ये थेट विलायतेला अर्ज केला. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा कुठे १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुढची पलटण थेट १९४१ मध्ये. हे तुमच्या कोणत्या तक्त्यात आहे?

सातारकर :
मराठा पलटणीत दख्खनी मुसलमानही होते, हे आमच्या तक्त्यात आहे. १११ ची माहिती कुणी दिली तर घालू. घरोघर फिरणारी माणसं आहेत ती, पगारी नाहीत.

महाडकर :
"कुणी दिली तर"! साताऱ्यात मराठा आळीत स्वतःहून जाता, चहा घेता. आमच्या वस्तीने मात्र अर्ज करायचा. १९१० सारखाच.

सातारकर :
हा आरोप नीच आहे.

महाडकर :
आरोप नाही, तुमचाच तक्ता आहे. गावांच्या नावांवर बोट ठेवून दाखवू का?

डोंगरीचा :
दोघेही जमिनीवरच भांडताय. खलाशी कोणी मोजले? बोटीच्या भट्टीत कोळसा ओढताना टॉर्पेडो लागला की वर यायला वाटही नसायची. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे, फक्त पहिल्याच युद्धातले २००० हून जास्त. रत्नागिरीच्या खाड्यांतले किती असतील त्यात! तिथे १५ ऑगस्टला काय, कधीच हार दिसत नाही. परखड साहेब खूश असतील.

भिडे वाडा :
अवांतर : माणगावच्या यशवंत घाडग्यांना १० जुलै १९४४ ला इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई झाली. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. परक्यांना कळतं.

परखड :
तिथे समोर हिटलरचं सैन्य होतं. घाडगे दिले तुम्हाला, घ्या. खलाशीही दिले, त्यांनी कुणावर बंदूक रोखली नव्हती. कूत देणार नाही. बाकी मराठा की महार यावर दोघांनी जो तमाशा मांडलाय, त्यात माझं काम तुम्हीच केलंत. धन्यवाद.

महाडकर :
तमाशा तुमच्यासाठी. आमच्याकडे महाड-पोलादपूरच्या पेन्शनबुकांचे फोटो आहेत. सातारकर, देतो. पण नोंद आम्ही तपासणार, आणि शोधणाऱ्यांत आमची नावं येणार.

सातारकर :
तपासा. आमच्या तक्त्यात आडनावावरून जात ठरवणारा रकाना आहे, तो काढून टाकतो, गाव आणि पलटण पुरे. रविवारी फोटो पाठवा, आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर नको, अक्षरं फुटतात.

कोकणची सून :
भांडण आटपलं असेल तर, ११६ व्या पलटणीची रत्नागिरीकडची यादी कुणाकडे आहे का? आमच्या शेजाऱ्यांकडेही एक पदक निघालंय, कड घासून गुळगुळीत झालीय.