नवीन सरांच्या पासिंगमुळे मुलाचे पॉइंट निम्मे झाले. क्लब बदलावा का?

कोथरूडची_आई
मुलगा पंधरा वर्षांचा, चार वर्षं बास्केटबॉल खेळतोय. साडेपाचला सोडायचं, साडेसातला आणायचं, मधले दोन तास मी कोर्टाबाहेरच्या कठड्यावर. खेळ फारसा कळत नाही, पण मोजता येतं. स्कोअर लिहायला वहीच केलीय (घरचे हसतात). जूनपर्यंत मॅचला सतरा-अठरा पॉइंट हमखास. मग नवीन सर आले. त्यांचा नियम: फास्ट ब्रेक (समोरचे सावरायच्या आत धावत जाऊन हल्ला) सोडला तर चार पास झाल्याशिवाय शॉट मारायचा नाही. तेव्हापासून नऊ, आठ, एकदा तर चार! टीम जिंकतेय, कबूल. पण निवड चाचणीत दिलेले पास कोण बघतं? पोरगा धड जेवत नाही. सरांशी बोलू की क्लबच बदलू?

जुना_गार्ड
ताई, एवढ्यात क्लब बदलू नका. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये १९८६-८७ ला मायकल जॉर्डनची मॅचमागे सरासरी ३७.१ पॉइंट होती आणि त्याची टीम बुल्स बाद फेरीत पहिल्याच फेरीत घरी. पुढे फिल जॅक्सन मुख्य कोच झाला, सहायक कोच टेक्स विंटरची ‘ट्रँगल’ ही सगळ्यांत बॉल फिरवायची पद्धत आणली. १९९०-९१ मध्ये जॉर्डन ३१.५ वर आला आणि बुल्सना पहिलं विजेतेपद मिळालं. शिवाय त्या वर्षीही लीगमध्ये सरासरीत पहिला तोच.

कसब्यातला_कटकट्या
काका, अर्धंच सांगितलंत. जॅक्सन मुख्य कोच व्हायच्या आधीच्या मोसमात सरासरी ३२.५ झाली होती, आणि त्याच्या पहिल्या वर्षी उलट ३३.६ वर गेली. म्हणजे सगळी घट ट्रँगलच्या खात्यावर टाकता येत नाही.
त्याच लीगमधले वॉरियर्स बघा. २०१४ मध्ये स्टीव्ह कर कोच म्हणून आला, बॉल फिरवायला लावला. त्यांच्या स्टेफ करीची सरासरी २४ वरून २३.८ झाली, तीही मॅचमागे जवळजवळ चार मिनिटं कमी खेळून. वर एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) आणि टीमला विजेतेपद. त्याचा जोडीदार क्ले थॉम्पसन तर १८.४ वरून २१.७ वर गेला, कारण तो बॉल हातात नसतानाही पळत असतो. उलट २०१४ ची स्पर्स टीम: सरासरी तीस मिनिटं एकही जण खेळला नाही, सगळ्यात जास्त पॉइंट पार्करचे, तेही १६.७. तरी विजेते. सिस्टीम एकाला देते, दुसऱ्याचं काढते.

हडपसरची_कोच
मी शाळेत मुलींना शिकवते. ‘चार पास’ ही सिस्टीम नाही, कुबडी आहे. पोरं तोंडाने ‘दोन... तीन...’ मोजतात आणि बास्केटखाली मोकळी उभी असलेली मुलगी दिसतच नाही. ट्रँगलमध्ये मोजणी नसते, समोरचा डिफेन्स कुठे सरकला ते बघून पास जातो. पण एकहाती खेळायची सवय मोडायला एखादा मोसम कुबडी चालते, मीही वापरलीय.
ताई, वहीत एक रकाना वाढवा: पास दिल्यावर पुढचे दोन सेकंद तो काय करतो?

कोथरूडची_आई
गुरुवारी मोजलं. ३१ पास दिले. त्यातल्या २२ वेळा पास दिला की कंबरेवर हात, जागच्या जागी उभा! जणू त्याचं काम संपलं. इतके दिवस समोर बसून मला हे दिसलं नव्हतं, मी फक्त बॉलकडे बघत होते. एकदा मात्र पास देऊन चुकून आत पळाला, बॉल परत हातात आला आणि आयता ले-अप (बास्केटजवळून सोपा शॉट). स्वतःच दचकला.
रात्री वही दाखवली. आधी म्हणाला, ‘आई, हे काय मोजत बसतेस!’ मग बावीसवर बोट ठेवून गप्प बसला.
सरांना भेटणार आहे, पण आता प्रश्न वेगळा आहे: दुसऱ्याच पासला कोणी मोकळा दिसला तर मारायचा की नाही?

जुना_गार्ड
हे विचाराच. आणि जेवला का?

कोथरूडची_आई
तीन थालीपीठं. चौथं अर्धं.