मदत हवी आहे: हाँगकाँग डिस्नेलँडचा नवा फ्रोझन भाग, ९३ सेंमीची लेक आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई

नमस्कार मंडळी. मे महिन्यात हाँगकाँगला जातोय, पाच दिवस. त्यातला एकच दिवस डिस्नेलँडसाठी आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२३ ला 'वर्ल्ड ऑफ फ्रोझन' (डिस्नेच्या 'फ्रोझन' सिनेमावरचा भाग) उघडलंय आणि आमच्या घरात तेव्हापासून दुसरा विषय नाही.

आम्ही पाच जण: नवरा, मी, नऊ वर्षांचा मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. अडचण मुलीची. तिथल्या स्लेजच्या (बर्फगाडीच्या रूपातल्या छोट्या रोलर कोस्टरच्या) राईडला किमान ९५ सेंमी उंची लागते आणि ही आहे ९३. निळा झगा घालून रोज सोफ्यावरून 'स्लेज' चालवते. दादा बसला आणि आपल्याला दारातून परत पाठवलं, असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

तर जाऊन आलेल्यांना विचारायचंय, स्लेज वगळली तर तिथे तिच्यासाठी काय उरतं? आणि सासूबाईंना तिथल्या दुसऱ्या, बोटीच्या राईडमध्ये चढ-उतार जमेल का? त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही. "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला, शिमल्याला गेलो असतो" हे त्यांचं मत.

प्रतिसाद १
आम्ही गेल्याच महिन्यात जाऊन आलो, त्यामुळे ताजं ताजं सांगते.

आधी एक गोष्ट: हा भाग मोठा नाही. फॅन्टसीलँड या पार्कच्या जुन्या भागाच्या मागून आत शिरलात की सिनेमातलं आरेन्डेल गाव, मध्ये पाणी, मागे बर्फाचा डोंगर. राईड म्हणाल तर दोनच. पण त्या खोट्या डोंगरामागे लांताऊ बेटाचे खरे हिरवे डोंगर दिसतात आणि कुठला कुठे संपतो ते कळत नाही. माझा नवरा, ज्याला असल्या जागांचा कंटाळा आहे, तो तिथे पुलावर दहा मिनिटं नुसता उभा होता.

तुमच्या लेकीसाठी खरी राईड बोटीचीच. उंचीची अट नाही, सगळे एकत्र बसता. एल्साचं (सिनेमातल्या बर्फाच्या राणीचं) गाणं झालं की बोट पाठमोरी मागे जाते, नंतर एक उतरण येते. मोठ्यांना काहीच वाटत नाही, पण अंधार आहे आणि उतरणीची कल्पना आधी द्या. माझी भाची तिथे दचकून रडली आणि बाहेर आल्यावर "परत" म्हणाली.

स्लेज छान आहे, पण सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. तिच्या रांगेत एक तास घालवण्यासारखं मला तरी वाटलं नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर बोटीत पाय खाली टाकून उतरावं लागतं. पुढे कोणीतरी आधी उतरून हात दिला की झालं. माझ्या आईनेही तसंच केलं. आणि ६५ वर्षांपुढच्यांचं तिकीट बरंच स्वस्त आहे, ते बघून घ्या.

प्रतिसाद २
न्यू जर्सीहून. अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या एपकॉट या डिस्ने पार्कमधली हीच बोट (२०१६ ची) दोनदा केली आहे, म्हणून डिसेंबरमध्ये हाँगकाँगला फार अपेक्षा न ठेवता बसलो. तिथे तेव्हा पुतळ्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकून डोळे-ओठ दाखवायचे, त्यामुळे अंधारात चेहरे दिव्यासारखे चमकायचे. हाँगकाँगला चेहरे खरोखर हलतात. फरक पहिल्याच वळणावर कळला.

मुलीसाठी 'प्लेहाऊस इन द वूड्स' चुकवू नका. तिथे सिनेमातली ॲना, एल्सा, ओलाफ ही पात्रं असतात आणि मुलांना सामील करून घेतात. उंचीचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद ३
साडेतीन वर्षांची मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंमी वाढतात. मेपर्यंत दीड-दोन सेंमी सहज! जाड तळव्यांचे बूट वगैरे करू नका, मोजणारे रोज शंभर पालक बघतात.

मे म्हणजे पाऊस आणि घामाच्या धारा. स्लेज उघड्यावर आहे, वीज कडाडली तर थांबवतात. बोट आत आहे. शहरात चिम शा चुईला राहणार असाल तर मेट्रोने लाई किंगला गाडी बदलून सनी बे स्टेशनला जा, तिथून डिस्नेची वेगळी गाडी. खिडक्या मिकीच्या आकाराच्या. लेकीचा अर्धा दिवस तिथेच वसूल.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! म्हणजे मी उगीच स्लेजला धरून बसले होते. एक शंका राहिली: नवरा आणि मुलगा स्लेजला जातील तेव्हा आम्ही तिघी काय करायचं? आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी, दशम्या नेतेच आहे, पण गरम काही?

प्रतिसाद १
त्यांना पाठवायच्या आधी तुम्ही तिघी फॅन्टसीलँडमध्ये शिरा. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' पण बोटच, थंडगार, सासूबाई टेकतील. डम्बो आणि पूह तिथेच. मुख्य म्हणजे स्लेज तिच्या नजरेसमोरून जाऊ देऊ नका. गरम जेवण पार्कच्याच मिस्टिक पॉइंट भागातल्या 'एक्सप्लोरर्स क्लब' रेस्टॉरंटमध्ये, भारतीय पदार्थ असतात, शाकाहारी काय ते विचारून घ्या. आणि हो, भारतीय पासपोर्टला आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते, ती केलीत ना?

धागाकर्ती
नोंदणी कालच केली, सासूबाईंच्या नावाच्या स्पेलिंगवर तासभर गेला. ठरलं मग: गेट उघडताच बोट, मग प्लेहाऊस, दुपारी दादा-बाबा गुपचूप स्लेजला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करून ठेवली आहे. दर रविवारी मोजते. ती समजते, नव्या फ्रॉकचं माप घेतेय.