संशोधनाला पैसा द्यायचा, तो किती वर्षांसाठी?

गणेशखिंडकर

केंद्र सरकारने २०२३ साली कायदा करून ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन केले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, आणि त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीबाहेरून उभा करायचा, अशी मूळ कल्पना आहे. या संस्थेच्या कक्षेत निसर्गविज्ञाने, गणित, अभियांत्रिकी, पर्यावरण, आरोग्य आणि शेती थेट येतात. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरतीच येतात. त्यावर पुण्यातल्या विद्यापीठीय वर्तुळांत नेहमीचा वाद सुरू झाला आहे: विज्ञानाला झुकते माप आणि भाषा-इतिहासाला उरलेसुरले. हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे मत आहे. खरा प्रश्न शाखेपेक्षा मुदतीचा आहे.

आपल्याकडचे प्रकल्प-अनुदान साधारणपणे तीन वर्षांचे असते. त्यातले पहिले वर्ष मंजुरी, नेमणुका आणि खरेदीत जाते आणि तिसरे वर्ष अहवालात. ज्या विषयात दोन प्रयोग आणि एक शोधनिबंध हा पुरेसा पल्ला असतो, तिथे हे चालून जाते. पण याच शहरात झालेली कामे पाहा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (निरनिराळी हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याचे) काम १९१९ साली हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ साली सुरू केले. ते दहा वर्षांहून अधिक काळ चालले आणि सविस्तर अहवाल १९८८ साली आला. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतून नुसती खापरे निघाली नाहीत. जळालेले धान्याचे दाणे वनस्पती-अभ्यासकाकडे गेले, जनावरांची हाडे प्राणी-अभ्यासकाकडे, घरांच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडे शारीर मानवशास्त्राच्या अभ्यासकाकडे. त्या सर्वांचे निष्कर्ष एकमेकांवर ताडून पाहिल्यानंतरच ती वस्ती कशी भरभराटीला आली आणि पुढे कशी उतरणीला लागली याचे चित्र उभे राहिले. आंतरविद्याशाखीय हा शब्द परिपत्रकांत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तीन वर्षांच्या अनुदानात इनामगाव बसले नसते. बसवले असते, तर फार तर खापरांची यादी हाती आली असती.

म्हणून माझी सूचना अशी, की पुणे विद्यापीठाने आपल्या अर्थसंकल्पातून प्रत्येक विभागाला लहान, पण दहा वर्षांसाठी हमखास असा संशोधन निधी द्यावा, पाचव्या वर्षी त्याचे परीक्षण करावे आणि स्पर्धेतून मिळणारी मोठी अनुदाने त्याच्या वर असावीत. मतभेद असतील तर ते सविस्तर मांडावेत.

रसायनी

धागाकर्त्यांनी उदाहरणे निवडून घेतली आहेत. जी कामे चाळीस वर्षांनी फळाला आली ती सर्वांना ठाऊक असतात. जी चाळीस वर्षे चालून कपाटात विरून गेली त्यांची यादी कुणी करत नाही. शिवाय महाभारताचे उदाहरण त्यांच्याच विरोधात जाते. त्या कामाला हमखास निधी कधीच नव्हता. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी मदत देऊ केली, हैदराबादच्या निजामाने अनुदान दिले, इतरांकडे हात पसरावे लागले. सुखटणकरांनी १९२५ साली संपादनाची सूत्रे घेतली आणि १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग छापून बाहेर आला. पुढेही भागामागून भाग येत राहिले. देणाऱ्याला आपला पैसा कुठे चालला आहे हे दिसत होते. म्हणजे दीर्घ मुदतीच्या कामालाही टप्प्याटप्प्याने हिशेब देता येतो, आणि दिला म्हणूनच ते काम टिकले.

आता प्रयोगशाळेची बाजू. रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या चुंबकाला द्रव हेलियम लागतो. तो वेळच्या वेळी भरला नाही आणि पातळी फार खाली गेली, तर चुंबकाची अतिवाहकता (विनाअडथळा वीज वाहून नेण्याचा गुण) जाते, उरलेला हेलियम उकळून उडून जातो आणि यंत्र पुन्हा उभे करण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. अशा ठिकाणी सर्व विभागांना सारखा लहान निधी वाटणे म्हणजे निधी शिंपडणे होय. त्या रकमेत माझ्या विभागाचा देखभाल करारही भागणार नाही, आणि दुसरीकडे काही विभागांत ती रक्कम चर्चासत्राचा मंडप, शाल, श्रीफळ आणि स्मरणिकेवर मार्चअखेरीस संपेल. हे कटू आहे, पण आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

कोशवेडी

रसायनी यांचा टप्प्यांचा मुद्दा सर्व कामांना लागू होत नाही. डेक्कन कॉलेजमधल्या संस्कृत महाकोशाचे काम डॉ. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केले. ऋग्वेदापासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या, हेच काम जवळपास पंचवीस वर्षे चालले आणि पहिला भाग १९७६ साली निघाला. त्या चिठ्ठ्यांचे कप्पे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कळेल, की एका शब्दाचा सर्वांत जुना प्रयोग कोणता हे ठरवण्यासाठी सगळ्या ग्रंथांच्या चिठ्ठ्या आधी हाताशी असाव्या लागतात. निम्म्या चिठ्ठ्यांवर निम्मा कोश काढता येत नाही. त्या पंचवीस वर्षांत दर तीन वर्षांनी ‘निष्पत्ती’ मागितली असती, तर काम बंद पडले असते.

रसायनी

आणि त्या कोशाचे इतके भाग निघूनही गाडी अजून ‘अ’मध्येच आहे, हेही सांगावे. अवमान करण्याचा हेतू नाही. त्या चिठ्ठ्या हा अमोल ठेवा आहे. परंतु कोणीतरी मध्येच थांबवून मनुष्यबळ किती, गती किती आणि पद्धत बदलायला हवी का, असे विचारायला हवे होते. हमखास निधी हाच प्रश्न विचारू देत नाही.

कोशवेडी

गती मनुष्यबळामुळे मंदावली. संपादक निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. कोशाचा संपादक घडायलाच दहा वर्षे लागतात. तो जाहिरात देऊन महिन्याभरात मिळत नाही. निधी हमखास नव्हता म्हणून हे झाले, हमखास होता म्हणून नव्हे.

कॉटबेसिस

वरील चर्चा प्राध्यापकांची आहे, म्हणून एक संशोधक विद्यार्थिनी या नात्याने थोडे लिहिते. पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणाऱ्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाली, त्याबद्दल आनंदच आहे. पण महाराष्ट्रातल्या अनेक संशोधकांचा खर्च राज्याच्या वेगवेगळ्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींवर चालतो, आणि तिथे प्रश्न रकमेपेक्षा तारखेचा असतो. मला अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थेचे नाव घेत नाही. हप्ता सहा-आठ महिने येत नाही आणि मग एकदम येतो. सदाशिव पेठेतली घरमालकीण मात्र कॉटचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला मागते, आणि तिचे काही चुकत नाही. मधल्या काळात आम्ही शिकवण्या घेतो, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या उत्तरपत्रिका तपासतो, आणि प्रबंधाचे प्रकरण पुढे ढकलले जाते. दहा वर्षांच्या निधीची चर्चा करणाऱ्यांनी आधी दर महिन्याच्या पैशाची हमी मिळवून दिली, तर विज्ञान असो वा मराठी, प्रबंध वेळेत पुरे होतील.

जमाखर्च

लेखा विभागात आयुष्य गेले, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली नियमांची. खर्चाचे नियम प्रयोगशाळेचा खरेदी-व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत: तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, साठा नोंदवहीत नोंद, मग देयक. एका संशोधकाने नंदुरबारकडच्या पाड्यांवर भिल्ली गाणी ध्वनिमुद्रित केली आणि गाणाऱ्या आजींना मानधन दिले. पावतीवर अंगठा होता. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की याच कामासाठी अन्य गायिकांचे दर का मागवले नाहीत. तो आक्षेप मिटेपर्यंत प्रकल्पाचे विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अडकले, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून पुढचा हप्ता अडकला. शाखांमधला खरा दुजाभाव मला इथे दिसतो. मंजूर रकमेत तो एवढा नसतो.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यांना पटणार नाही. विद्यापीठाच्या ‘स्वतःच्या’ पैशाचा मोठा भाग परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कातून येतो. म्हणजे तो नगर-नाशिककडच्या महाविद्यालयांत बी.कॉम. करणाऱ्या मुलांच्या खिशातून येतो, आणि त्यांतली बहुतेक मुले गणेशखिंडीतल्या, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या, विभागांची पायरी कधी चढत नाहीत. त्यांच्या पैशातून दहा वर्षांचा हमखास निधी द्यायचा असेल, तर ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढे म्हणून चालणार नाही.

गणेशखिंडकर

जमाखर्च यांचा दुसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. त्या मुलांचा पैसा आहे, म्हणूनच तो केवळ दुसऱ्याच्या प्राधान्यक्रमावर चालणाऱ्या प्रकल्पांचा पूरक खर्च भागवण्यात जाऊ नये, असे मला वाटते. नगर-नाशिकच्या बोली, तिथले पाणी, कांद्याच्या बाजारातले भाव हे विषय कोणत्या राष्ट्रीय योजनेत प्राधान्याने बसणार? ते विद्यापीठानेच करायचे आहेत आणि ते तीन वर्षांत होणारे नाहीत.

रसायनी यांच्या यंत्राला माझ्या लहान निधीतून हेलियम मिळणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी विद्यापीठ पातळीवर सामाईक यंत्रकेंद्र आणि यंत्राच्या किमतीतच दहा वर्षांचा देखभाल खर्च धरणे हा वेगळा उपाय आहे. तो माझ्या सूचनेच्या आड येत नाही.

रसायनी

सामाईक केंद्र मान्य. हमखास निधीही मी मान्य करीन, पण एका अटीवर: पाचव्या वर्षीचे परीक्षण विभागाबाहेरच्या, शक्यतो राज्याबाहेरच्या तज्ज्ञांनी करावे, आणि त्यांनी ‘थांबवा’ म्हटले तर निधी खरोखर थांबावा.

कोशवेडी

रसायनशास्त्रात असे तज्ज्ञ शेकड्यांनी मिळतील. पाली किंवा अर्धमागधीत मात्र देशभरात जे मोजके अभ्यासक आहेत ते एकमेकांचे परीक्षक, एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक आणि बहुधा एकाच गुरूचे शिष्य असतात. त्यांच्याकडून परीक्षण करवले तर ते सौजन्याचे होईल, आणि विषयाबाहेरच्या माणसाकडून करवले तर तो शोधनिबंध मोजण्यापलीकडे काय करणार? या विषयांसाठी समिती कशी बनवायची, हे रसायनी यांनी सांगावे. मग अट मान्य करू.