पंधरा वर्षांच्या मुलाचे कौतुक करावे तरी कसे?

प्रश्न :
माझा मुलगा यंदा दहावीत आहे. दिवाळीत त्याने सोसायटीतल्या लहान मुलांना हाताशी धरून राजगड उभारला आणि सुवेळा माची पूर्वेकडे नीट वळली नाही, म्हणून लिंपलेला चिखल उकरून ती पुन्हा रचली. अळीव पेरलेल्या उतारांवर छान हिरवळही आली. मला फार अभिमान वाटतो; परंतु पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलले की तो लगेच उठून खोलीत जातो.

प्रतिसाद १ :
या वयात चारचौघांतली स्तुती मुलांना अवघडून टाकते. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा त्याला पाली दरवाजा कोणत्या बाजूला ठेवला आणि चोर दरवाजा कसा दाखवला, हे विचारावे. आमचे चिरंजीव एरवी हूं की चूं करत नाहीत, पण असे काही विचारले की जेवण थंड होईपर्यंत बोलत राहतात.

प्रतिसाद २ :
मला हे तितकेसे पटत नाही. आईने कौतुक करायचे नाही तर कोणी? फक्त त्या ओघात गुणांचा विषय काढू नये. नेमकी तिथेच मुले बिथरतात.

प्रतिसाद ३ :
राजगडासह १२ किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. परीक्षा आटोपल्यावर त्याच्यासोबत गडावर जावे, वाट त्यालाच दाखवू द्यावी आणि संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी त्याच्याच तोंडून समजून घ्यावी. पाण्याच्या बाटल्या मात्र आपणच मोजून घ्याव्यात.