बॅलेला भारतीय वेश? पटलं नाही

नर्तक उदय शंकर यांच्यावरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ‘उदय शंकर म्हणजे बॅलेला चढवलेला भारतीय वेश’. हे विधान पटलं नाही. उदय शंकरांनी बॅलेचं रीतसर शिक्षण घेतलंच नव्हतं. ते मुंबईच्या जे. जे.त आणि मग लंडनला चित्रकला शिकत होते. 1923 साली रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवाबरोबर ‘राधा-कृष्ण’ हे नृत्य केलं, पण पुढे कथकली शिकले ते शंकरन नंबुद्रींकडून. पाश्चात्य म्हणायचं तर ते रंगमंचाच्या मांडणीत, प्रकाशयोजनेत आणि आटोपशीरपणात. (तेवढं तरी आपण उचलायला हरकत नव्हती!)

इथे सगळी चर्चा नाचाचीच चालली आहे, संगीताबद्दल कुणी बोललंच नाही. उदय शंकरांच्या नृत्यांची ती बाजू बराच काळ सांभाळली विष्णुदास शिराळींनी, म्हणजे गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांच्या शिष्याने. अनेक वाद्यांचा मेळ, पण वाद्यं आपलीच. 1937 च्या अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रणात त्यांनी तबलातरंगावर अडाणा राग वाजवलाय: वेगवेगळ्या सुरांत लावलेले तबले समोर मांडून त्यांवर चक्क राग! जरूर ऐका. उदय शंकरांच्या ‘कल्पना’ या चित्रपटाचं (1948) संगीतही शिराळींचंच. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं निघत नाही.